'गिअरबॉक्स गेला' म्हणण्याआधी

माजलगावात दोन राष्ट्रीय महामार्ग भेटतात. एक कल्याणहून अहिल्यानगर, परभणी, नांदेड करत तेलंगणातल्या निर्मलकडे जाणारा ६१ क्रमांकाचा. दुसरा केज, धारूर, तेलगावकडून येऊन परतूरकडे निघणारा ५४८सी. या रस्त्यांच्या कडेची गॅरेजं ट्रॅक्टर, ट्रक, जीप आणि टेम्पोच्या कामावर वाढली. क्लच प्लेट टाकणं, गिअरबॉक्स उतरवणं, जॉइंटचा क्रॉस बदलणं ही कामं इथल्या मिस्त्रींच्या हातात बसलेली आहेत. पण दारात येणारी गाडी आता बदलली आहे. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणली आणि क्लच पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्यानंतर जवळपास प्रत्येक कंपनीने ऑटोमॅटिक गाड्या काढल्या.

गाडीबरोबर ऐकीव गोष्टीही आल्या. त्यांच्या भरवशावर कुणी धडधाकट गिअरबॉक्स उघडून बसतं, तर कुणी साधी ऑइलगळती महिनोन्‌महिने अंगावर काढतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मोठा बिघाड बहुतेक वेळा लहान दुर्लक्षातून सुरू होतो. जुनं झालेलं ऑइल, झिजलेलं सील, फाटलेलं रबरी बूट ही त्याची नेहमीची कारणं. ती वेळेत ओळखली तर तालुक्याच्या गॅरेजातही गाडी वाचते.

गैरसमज १ : ऑटोमॅटिक म्हटलं की सगळे गिअरबॉक्स सारखेच

वस्तुस्थिती : आपल्या रस्त्यांवर ऑटोमॅटिकचे चार मुख्य प्रकार धावतात आणि चारींची दुरुस्ती वेगवेगळी आहे. एएमटीमध्ये आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम अॅक्च्युएटर करतो. यातली क्लच प्लेट झिजते आणि बदलता येते, पण बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या प्लेटचं कॅलिब्रेशन करावं लागतं. ते राहून गेलं तर नवी प्लेट टाकूनही गाडी झटके मारते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनची ताकद ऑइलच्या प्रवाहातून पुढे जाते. आत क्लचचे अनेक संच असतात आणि त्यांना दाबणारं ऑइल व्हॉल्व्ह बॉडी वाटून देते. इनोव्हा क्रिस्टा किंवा एक्सयूव्ही ७०० ऑटोमॅटिक या जातीच्या. सीव्हीटीमध्ये दोन पुल्यांमधून पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते, पायरीचे गिअर नसतात. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, काहींत कोरडे तर काहींत ऑइलमध्ये बुडालेले. म्हणून तक्रार सांगण्याआधी गाडीत यातला कोणता गिअरबॉक्स आहे ते सांगावं, आणि मिस्त्रीनेही आधी तेच विचारावं.

गैरसमज २ : गिअरबॉक्सचं ऑइल आयुष्यभर चालतं

वस्तुस्थिती : काही गाड्यांच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याचा उल्लेख नसतो, आणि तिथूनच हा समज पसरतो. पण अनेक नामांकित गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा जास्तीत जास्त आठ वर्षं या टप्प्यात ऑइल बदलायला सांगते. इतर कंपन्यांच्या पुस्तिकांतही खडतर वापरासाठी वेगळं, लवकरचं वेळापत्रक बहुधा दिलेलं असतं.

खडतर वापर म्हणजे कडक ऊन, धूळ, घाट, ओढून नेलेलं ओझं आणि थांबत-थांबत चालणं. माजलगावात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे कार रांगत जाते. आपला वापर खडतरच आहे, हे धरून चालावं. ऑइल इथे वंगण तर घालतंच, शिवाय क्लच दाबतं आणि उष्णताही वाहून नेतं. ते जळालं की तिन्ही कामं एकदम बिघडतात.

गैरसमज ३ : जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो

वस्तुस्थिती : ऑइल बदललं आणि पंधरवड्यात गाडी उठेनाशी झाली, असं खरंच घडतं. पण अशा गाड्या बहुधा आधीच घसरत असतात. मालक ऑइल बदलायला येतो तोच मुळी तक्रार सुरू झाल्यावर. क्लचचं अस्तर तोवर जळालेलं असतं आणि दोष मात्र नव्या ऑइलच्या माथी बसतो.

जुन्या गाडीत जपून काम करावं, हे मात्र खरं. खालचा नट काढल्यावर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइल बाहेर येतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांमध्ये राहतं. म्हणून यंत्र लावून दाबाने सगळं धुऊन काढण्यापेक्षा थोडी गाडी चालवून दोन-तीन टप्प्यांत ऑइल बदलणं सुरक्षित. काढलेलं ऑइल निरखून पाहावं. काळपट, करपल्या वासाचं असेल तर क्लच जळाले आहेत. तळाच्या चुंबकाला बारीक राखाडी लेप असणं साहजिक आहे. धातूचे कण आणि तुकडे दिसले तर ऑइल बदलून भागणार नाही.

गैरसमज ४ : लाल ऑइल असलं की कुठलंही चालतं

वस्तुस्थिती : रंग हा फक्त रंग असतो. क्लचने किती धरायचं आणि किती सरकायचं हे ऑइलच्या घर्षणगुणावर ठरतं, आणि तो गुण ग्रेडनुसार बदलतो. सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल, ओतलं तर पट्टा पुलीवर घसरतो. एएमटीच्या गिअरबॉक्सला मात्र मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं. पुस्तिकेतला किंवा गिअरबॉक्सवरचा ग्रेड वाचूनच डबा फोडावा.

पातळीचंही तसंच. अनेक गाड्यांत गेजची काडीच नसते. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरावीक तापमानाला आणून बाजूच्या बोल्टातून पातळी पाहायची असते. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये हे तापमान साधारण ३५ ते ४५ अंश असतं, आणि ते स्कॅनरवर दिसतं. ऑइल कमी पडलं तर दाब मिळत नाही, जास्त झालं तर फेस होतो.

गैरसमज ५ : गिअर पडत नाही, म्हणजे गिअरबॉक्स उघडावाच लागणार

वस्तुस्थिती : गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो, तेव्हा बऱ्याचदा कंट्रोलर स्वतःहून बचावाच्या स्थितीत गेलेला असतो. त्याला लिंप मोड म्हणतात. कारण आतलं असू शकतं, पण कमजोर बॅटरी, ओला किंवा सैल कनेक्टर, बिघडलेला स्पीड सेन्सर, उंदराने कुरतडलेली वायर हीदेखील कारणं आढळतात. ब्रेक दिव्याचं स्विच गेलं तर काही गाड्यांत लिव्हर 'पी'मधून हलतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा : आधी बॅटरीचा व्होल्टेज, मग स्कॅनरवरचे कोड, मग वायरिंग, मग ऑइलची पातळी आणि अवस्था. गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी यानंतरची. कोड न वाचता "गिअरबॉक्स गेला" असं कुणी सांगितलं, तर मालकाने दुसरं मत घ्यावं.

गैरसमज ६ : वळताना टकटक होते, गिअरबॉक्समध्येच गडबड आहे

वस्तुस्थिती : पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत ताकद नेण्याचं काम दोन ड्राइव्ह शाफ्ट करतात. प्रत्येकाला दोन जॉइंट असतात. बाहेरचा चाकाजवळचा, सहा गोळ्यांचा. स्टिअरिंग पूर्ण वळलं तरी फिरत राहणारा. आतला गिअरबॉक्सजवळचा, बहुधा तीन रोलरचा. चाक खाली-वर होईल तसा आत-बाहेर सरकणारा.

आवाजावरून पुष्कळ कळतं. पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू चालवताना टकटक झाली तर बाहेरच्या जॉइंटवर संशय घ्यावा. पिकअप घेताना गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, तर आतला जॉइंट पाहावा. वेगाबरोबर वाढणारी घरघर असेल तर चाकाचं बेअरिंग तपासावं. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. त्यात गिअर टाकताना 'ठक्' आवाज आला तर क्रॉस किंवा माउंटिंग सैल झालं का ते आधी बघावं. यातला एकही दोष गिअरबॉक्सच्या आतला नाही.

जॉइंट सहसा स्वतःहून मरत नाही. आधी त्याचं रबरी बूट फाटतं, फिरताना ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं, आणि त्या जागी धूळ नि पाणी शिरतं. उसाच्या फडाकडचे रस्ते, काळ्या मातीचा चिखल आणि मुरूम हे काम लवकर उरकतात. फाटकं बूट ट्यूबच्या पट्टीने बांधून वरून ग्रीस भरलं, तरी आत गेलेली माती तिथेच राहते. आवाज सुरू होण्याआधी फाट दिसली तर जॉइंट धुऊन, नवं बूट नि नवं ग्रीस घालून काम भागतं. आवाज सुरू झाला असेल तर गोळ्यांच्या खाचा झिजल्या आहेत, आणि जॉइंट किंवा पूर्ण शाफ्टच बदलावा लागतो. ग्रीसही जॉइंटसाठी नेमून दिलेलंच हवं. बाहेरच्या जॉइंटला बहुधा मॉलिब्डेनमयुक्त काळं ग्रीस लागतं.

गैरसमज ७ : ड्राइव्ह शाफ्टच्या कामाचा गिअरबॉक्सशी संबंध नाही

वस्तुस्थिती : सगळ्यांत महागडा गैरसमज हा. शाफ्ट गिअरबॉक्सच्या पोटात एका ऑइल सीलमधून शिरतो, आणि तो बाहेर काढला की ऑइलही सांडतं. पुढच्या चाकांच्या बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांत डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच असतं. जुनं सील तसंच ठेवलं किंवा शाफ्ट घुसवताना त्याची कड दुमडली, तर थेंब-थेंब गळती सुरू होते. सांडलेलं ऑइल मोजून परत भरलं नाही, तर काही महिन्यांनी क्लच घसरतात. तोवर शाफ्टचं काम कुणाच्या लक्षातही नसतं.

म्हणून शाफ्ट काढला की सील नवं टाकावं, योग्य ग्रेडचं ऑइल भरावं आणि पातळी तपासावी. शाफ्ट ओढताना बाहेरच्या टोकाला धरून हिसका दिला तर आतल्या जॉइंटचे रोलर सुटतात. पाना किंवा प्राय बार लावून तो आतल्या जॉइंटपाशीच सोडवावा. आट्यांवर हातोडी मारू नये. चाकाचा मोठा नट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो आणि टॉर्क रेंचने ठरल्या मापाने आवळायचा असतो. तो सैल असताना गाडी नुसती ढकलली तरी बेअरिंग खराब होऊ शकतं. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करावी, म्हणजे तो जसा होता तसाच बसतो आणि थरथर येत नाही.

गैरसमज ८ : बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून न्यावी

वस्तुस्थिती : टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत ऑइलचा पंप इंजिन फिरवतं. विहिरीवरची मोटार थांबली की पाटाचं पाणी आटतं, तसं इंजिन बंद पडलं की गिअरबॉक्समधलं वंगण थांबतं. चाकं मात्र आतले भाग फिरवत राहतात, आणि काही किलोमीटरच्या कोरड्या ओढीत ते करपतात. गाडी पूर्ण उचलून नेणारा फ्लॅटबेड मागवावा. तो मिळत नसेल, तर ज्या चाकांना ताकद मिळते ती तरी जमिनीवरून उचललेली हवीत. धक्का मारून अशी गाडी सुरू होत नाही. बॅटरी उतरली असेल तर जंपर केबल वापरावी.

गैरसमज ९ : धारूर घाट न्यूट्रलवर उतरला की पेट्रोल वाचतं

वस्तुस्थिती : इंजेक्शनच्या इंजिनात उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढला की इंधन जवळपास बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायला उलट इंधन लागतं. त्यात इंजिनाचा ब्रेकही जातो. अरुंद, वळणावळणाच्या धारूर घाटात सगळा भार चाकांच्या ब्रेकवर टाकणं जिवाशी खेळणं आहे. मॅन्युअल मोडवर घेऊन खालच्या गिअरमध्ये उतरावं.

चढावर थांबताना गाडी अॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये. एएमटी आणि कोरड्या क्लचच्या डीसीटीत त्याने प्लेट जळते. ब्रेक दाबावा. उसाच्या ट्रॉलीमागे इंच-इंच सरकण्याऐवजी थोडं अंतर पडू द्यावं आणि मग पुढे व्हावं.

गैरसमज १० : पाण्यातून निघाली आणि सुरू झाली, म्हणजे वाचली

वस्तुस्थिती : सिंदफणा किंवा गोदावरी फुगली की पुलांवर नि ओढ्यांवर पाणी चढतं. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी छोटं ब्रीदर असतं. गरम गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की तिथून पाणी ओढलं जाऊ शकतं. पाण्याने क्लचचं अस्तर सुटतं आणि लाल ऑइल दुधाळ गुलाबी होतं. काही गाड्यांत ऑइल कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला तरी हेच होतं. अशी शंका असेल तर गाडी चालवून पाहू नये. आधी ऑइल पाहावं.

गैरसमज ११ : बाहेर काम केलं की सगळी वॉरंटी जाते

वस्तुस्थिती : भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं स्पर्धेला मारक आहे, असं त्यात म्हटलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामाने जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही सांगितलं. या आदेशावर पुढे अपिलं झाली. त्यामुळे गाडी वॉरंटीत असेल तर गिअरबॉक्स उघडण्याचं काम कंपनीकडूनच करून घ्यावं, आणि प्रत्येक कामाची पावती जपावी.

कोणतं काम कुठे

बूट, जॉइंट, क्रॉस, ऑइल सील, ग्रेड पाहून ऑइल बदलणं, बॅटरी नि वायरिंग ही कामं माजलगावातच उत्तम होऊ शकतात. त्यासाठी स्कॅनर, टॉर्क रेंच आणि कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल एवढं हवं. व्हॉल्व्ह बॉडी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटीच्या पुल्या आणि क्लचचे आतले संच यांना धूळमुक्त जागा, खास हत्यारं आणि सराव लागतो. ती कामं मोठ्या शहरातल्या त्याच कामात मुरलेल्या गॅरेजकडे पाठवणं शहाणपणाचं. कुठलं काम आपलं नाही हे ग्राहकाला स्पष्ट सांगणारा मिस्त्रीच विश्वासाचा.

मालकाने तीन गोष्टी पाळाव्यात. दर सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की चारही बूट आणि दोन्ही सील स्वतः पाहावीत. ऑइल कधी, किती किलोमीटरला आणि कोणत्या ग्रेडचं टाकलं ते लिहून ठेवावं. आणि गाडी उभी राहते तिथे जमिनीवर लाल डाग दिसला, तर त्याच आठवड्यात गॅरेज गाठावं.