रुळांमधील सौरवीज

वाराणसीचे नाव निघताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गंगेचे घाट उभे राहतात. याच नगरीत आगगाडीची एंजिने बांधणारा एक मोठा कारखाना आहे, हे मात्र त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक असते. १९६१ साली डिझेल एंजिनांसाठी हा कारखाना स्थापन झाला व १९६४ च्या जानेवारीत त्याचे पहिले एंजिन राष्ट्राला अर्पण करण्यात आले. कालांतराने तेथे विजेवर चालणारी एंजिने होऊ लागली आणि २०२० मध्ये ‘डिझेल’ हा शब्द कारखान्याच्या नावातूनही गेला.

ऑगस्ट २०२५ मध्ये या कारखान्याच्या आवारातील एका मार्गावर एक लहानसा प्रयोग सुरू झाला. दोन रुळांमधील मोकळ्या जागेत, ७० मीटर लांबीत, २८ सौर पॅनेल बसविण्यात आली. त्यांची एकूण क्षमता १५ किलोवॉट आहे. आपल्याकडील रुंद मार्गाच्या दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर असते. पॅनेलची रुंदी सुमारे १,१३३ मिलिमीटर. त्यामुळे वरून गाडी विनासायास जाते. पॅनेलखाली रबराच्या गाद्या आहेत व ती बोल्टांनी बसविली आहेत. मार्गाची दुरुस्ती करावयाची झाल्यास ती सहज काढून घेता येतात.

अशी अडचणीची जागा का निवडावी? कारण सौरविजेला जमीन फार लागते. एक मेगावॉट, म्हणजे १,००० किलोवॉट, क्षमतेसाठी साधारणतः चार ते पाच एकर जागा गुंतून पडते. गंगेच्या खोऱ्यासारख्या सुपीक व दाट वस्तीच्या प्रदेशात एवढी जमीन पिकांकडून काढून घेणे सोपे नव्हे. रुळांमधील जागा मात्र रेल्वेच्याच मालकीची असून तेथे काहीही पिकत नाही.

आता थोडे गणित करू. रेल्वेच्या अंदाजाप्रमाणे अशा एक किलोमीटर मार्गावर २२० किलोवॉट क्षमतेची पॅनेल बसतात व ती दिवसाला ८८० युनिट वीज देतात; म्हणजेच दर किलोवॉटमागे चार युनिट. या हिशेबाने वाराणसीच्या १५ किलोवॉटपासून दिवसाला सुमारे ६० युनिट मिळावीत. तीच पॅनेल चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालली असती, तर ३६० युनिट मिळाली असती. प्रत्यक्षात हाती येतो तो त्याचा सहावा भाग. रात्री सूर्य नसतो, सकाळ-संध्याकाळ किरण तिरपे पडतात, पावसाळ्यात ढग येतात आणि धूळ बसून प्रकाश अडतो. शिवाय वाराणसी २५ अक्षांशावर असल्याने तेथे दक्षिणेकडे कललेले पॅनेल अधिक वीज देते. रुळांमधील पॅनेल आडवी ठेवावी लागतात.

हा सहावा भाग ध्यानात ठेवला म्हणजे राष्ट्रीय आकड्यांचा अर्थ उलगडतो. भारत सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग व १९९२ मध्ये मंत्रालय स्थापन केले. २०१० च्या सौर अभियानाचे उद्दिष्ट २०,००० मेगावॉट होते; २०१५ मध्ये ते १,००,००० मेगावॉटपर्यंत वाढविण्यात आले. त्यासाठी २०२२ ची मुदत होती. प्रत्यक्षात तो टप्पा जानेवारी २०२५ मध्ये गाठला गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांवाचून चालणारी झाली. तरीही त्या वर्षी देशात निर्माण झालेल्या विजेपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज कोळशाचीच होती. या दोन विधानांत विरोध नाही. पहिले क्षमतेविषयी आहे, दुसरे उत्पादनाविषयी. आणि कोळशाची भट्टी सूर्यास्तानंतरही जळत राहते.

म्हणून जागेच्या प्रश्नाइतकाच वेळेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दुपारची वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याचा एक उपाय सह्याद्रीत पाहावयास मिळतो. घाटघर येथील २५० मेगावॉटच्या केंद्रात वीज मुबलक असताना खालच्या जलाशयातील पाणी वर चढवितात व मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करतात. या देवघेवीत काही वीज खर्ची पडते. परंतु उरलेली हव्या त्या घटकेस मिळते. २०३० पर्यंत ५,००,००० मेगावॉट बिगरजीवाश्म क्षमतेचे जे उद्दिष्ट देशाने ठरविले आहे, त्याचे फळ अशा साठवणीवर बरेचसे अवलंबून राहील.

वाराणसीचा प्रयोग कारखान्याच्या आवारातील आहे. वेगाने धावणाऱ्या गाड्यांचे हादरे आणि मार्गावरील धूळ व काजळी ही पॅनेल कितपत सोसतील, याची परीक्षा मुख्य मार्गावरच व्हावयाची. तोवर त्याचा एक उपयोग प्रत्येक शाळेला करून घेता येईल. शाळेच्या किंवा गावातील एखाद्या छपरावर सौर पॅनेल असतील, तर विद्यार्थ्यांनी महिनाभर दररोज मीटरवरील युनिट टिपून घ्यावीत आणि त्यांना पॅनेलच्या किलोवॉटने व दिवसांच्या संख्येने भागावे. येणारा आकडा चारच्या जवळ आहे की त्याहून कमी, आणि कमी असल्यास का, याचा शोध त्यांनी स्वतः घ्यावा.