कामाचा ताण, लेखांक ६ : पुसदच्या बँकेतला जून

बँकवाल्यांचा ताण म्हणजे मार्च एंड, असं शहरात धरून चालतात. पुसदमध्ये खरी कसोटी लागते ती मृगाच्या तोंडावर. पूस नदीकाठच्या या तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीचा पेरा पावसाबरोबर सुरू होतो आणि बियाणं-खतासाठी पैसा त्याआधी हातात लागतो. मग सातबारा, आठ-अ आणि इतर बँकांचे नो ड्यूज दाखले घेऊन गावागावांतून, तांड्यांवरून माणसं शाखेत येतात. कुणाला पहिल्यांदा पीक कर्ज हवं असतं, कुणाला जुन्या खात्याचं नवं-जुनं करायचं असतं. दोघांनाही घाई असते, आणि ती खोटी नसते.

थकीत खातेदाराला नवं कर्ज मिळणार नाही, हे सांगायचं काम काउंटरवरच्या माणसाचं. नियम त्याने केलेला नसतो. कर्जमाफीचंही तेच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेली महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना. घोषणा मुंबई-नागपुरात झाली, याद्या पोर्टलवर लागल्या आणि ‘माझं नाव का नाही?’ हा प्रश्न विचारला गेला तो समोर बसलेल्या लिपिकाला. पीक कर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं राज्य सरकार बजावतं. बँकेचं वरचं कार्यालय वसुलीचा आणि थकबाकीचा हिशेब मागतं. शाखाधिकारी दोन्हीकडे उत्तरदायी.

२०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे दीड हजार रुपये खात्यांत येऊ लागले, तेव्हा याचं टोक दिसलं. आधार जोडणी आणि केवायसीसाठी राज्यभर शाखांपुढे रांगा लागल्या. काही खात्यांतली रक्कम किमान शिल्लक नसल्याच्या दंडात वळती झाली, त्यावरून भांडणं झाली, काही ठिकाणी कर्मचाऱ्यांवर हात उचलला गेला. बँक कर्मचारी संघटनांच्या संयुक्त मंचाला त्याविरुद्ध संपाचा इशारा द्यावा लागला. दंड संगणकाने कापला होता, पण राग काढायला समोर माणूसच होता.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली गोष्ट इथे चपखल बसते. काम भरपूर असणं एवढ्याने माणूस खचत नाही. मागणी मोठी आणि निर्णयाचा अधिकार तोकडा, अशी जोडी जमली की ताण सर्वांत जास्त. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद करताना तो आजार न ठरवता कामाशी निगडित स्थिती म्हटलं. त्यामुळे वर्षातून एकदा प्राणायामाचं शिबिर भरवून जबाबदारी संपवणाऱ्या कार्यालयांचं काय करायचं, हा प्रश्नच आहे. प्राणायाम वाईट नाही. पण दुसऱ्या दिवशी विमा पॉलिसींचं टार्गेट तेवढंच असतं.

शाखेच्या हातात काय असतं? वाटतं त्याहून जास्त. कर्जासाठी लागणाऱ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरात, मराठीत, दाराशीच लावली तर एका कागदासाठी माणसाची दुसरी खेप वाचते आणि काउंटरवरची निम्मी वादावादी दारातच मिटते. गावांना वार ठरवून दिले तर गर्दी विभागते. नकार द्यायचा असेल तर तो शाखाधिकाऱ्याने स्वतः, केबिनमध्ये बसवून द्यावा, रांगेसमोर नाही. रोखपालाला जेवणाची सुट्टी सलग मिळावी, कारण संध्याकाळी रोकड कमी भरली तर भुर्दंड त्याच्याच खिशाला बसतो, आणि थकलेला माणूस नोटा मोजताना चुकतो.

एक तरतूद मात्र गमतीची आहे. संवेदनशील जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान १० कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावं, असं रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलं आहे. त्या काळात त्यांना कामाच्या प्रणालीत शिरता येत नाही. हेतू अफरातफर उघडकीला आणण्याचा. तरीही कुणाचाही फोन न येणारे दहा दिवस बँकेतल्या माणसाला एरवी कोण देतो? अडचण तीन-चार जणांच्या शाखेत येते. बदली माणूस आला नाही, तर एकाच्या रजेचा बोजा उरलेल्यांवर पडतो. त्यामुळे रजेचा नियम पाळायचा तर आधी भरतीचं बोलावं लागतं.

पाच दिवसांच्या आठवड्याचंही तसंच. मार्च २०२४ मध्ये बँक व्यवस्थापन आणि संघटनांत यावर सहमती झाली, बदल्यात रोज ४० मिनिटं जास्त काम करायचं ठरलं; सरकारी मंजुरीची अट होती. सध्या दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, तोही २०१५ पासून. पेरणीच्या आठवड्यात बँक आणखी एक दिवस बंद राहिली तर शेतकऱ्याने काय करायचं, हा पुसदकडून येणारा प्रश्नही रास्त आहे आणि वाटाघाटीच्या टेबलावर तो सहसा नसतो.

ज्यांची झोप उडाली आहे, कामावर जायच्या विचारानेच छातीत धडधडतं, त्यांनी जूनची गर्दी ओसरायची वाट पाहू नये. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात : एसटीचे चालक-वाहक.