पान, फूल आणि बॅच नंबर

डोंगरकड्याच्या मेडिकलवर सीबीडी तेल मागितलं की दुकानदार आधी मागणाऱ्याला नीट निरखतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे ते गांजाचं का?" त्याचं काही चुकत नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या, कळमनुरी तालुक्यातल्या या गावाला हे झाड माहीत आहे ते पेपरातून. हळदीत, तुरीत नाहीतर कापसात आडोशानं लावलेला गांजा, पोलिसांची धाड, उपटलेली झाडं, वजन, पंचनामा. मराठवाड्याच्या पानावर अशी बातमी अधूनमधून असतेच. त्याच झाडाच्या तेलाची जाहिरात मात्र गावातल्या फोनवर राजरोस येते. गुडघे, झोप, चिंता, सगळ्यांवर एकच बाटली.

माझे मामा हळदीचे शेतकरी. वय सत्तरीपुढचं. रात्री पाय ठणकतात, झोप मोडते. पुण्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं जाहिरात बघून बाटली पाठवली. हे तेल कायद्यात बसवून आणि जिवाला घोर न लावता घ्यायचं झालं, तर खेड्यातल्या माणसाला नेमकं काय काय करावं लागतं, ते पायरीपायरीनं बघावं म्हणून मी डोंगरकड्याला गेलो.

मुलानं पाठवलेली बाटली मामींनी देवळीतून काढून दिली. काळपट काचेची, दोनशे मिलीची. पुढं 'हेम्प सीड ऑइल'. मागं एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि पोषणमूल्यांचा तक्ता. मामा रोज रात्री चमचाभर घेत होते. "झोप बरी लागायली," म्हणाले. लागत असेलही. पण हे बियांचं खायचं तेल होतं, करडई-जवसाच्या रांगेतलं. भारतात हेम्पच्या, म्हणजे याच झाडाच्या, बिया, त्यांचं पीठ आणि तेल अन्न म्हणून विकायला एफएसएसएआयनं नोव्हेंबर 2021 मध्ये मुभा दिली. त्याच नियमांत सीबीडीवर, म्हणजे झाडातल्या ज्या द्रव्याच्या नावानं ही औषधी तेलं विकली जातात त्यावर, वरची मर्यादा आहे: किलोला 75 मिलिग्रॅम. गणित करून बघितलं. मर्यादेपर्यंत भरलेलं तेल धरलं तरी चमचाभरात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा सीबीडी येत नाही. जाहिरातीत दुखण्याची गोष्ट होती, बाटलीत खायचं तेल होतं, आणि बाटलीवर एकही शब्द खोटा नव्हता. बाजारातली सगळ्यात मोठी फसगत होते ती अशी.

म्हणून पहिली पायरी म्हणजे परवाना बघणं. अन्नाचा परवाना असेल तर ते अन्न. औषध म्हणून घ्यायचं तर लेबलवर 'आयुर्वेदिक औषध' असे शब्द आणि निर्मिती परवान्याचा नंबर हवा. ज्या बाटलीवर दोन्हींपैकी काहीच नाही, ती हातात धरायचीही नाही.

दुसरी पायरी झाडाच्या भागाची. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली या झाडाची व्याख्या वाचली की ध्यानात येतं, रेघ झाडाच्या मधूनच जाते. झाडाचा डिंक म्हणजे चरस, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. हे दोन्ही आणि यांचं कुठलंही मिश्रण बंदीच्या बाजूला. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं गांजाच्या व्याख्येतून वगळलेली. आयुर्वेदात ज्याला विजया म्हणतात ते हे पान. भारतात कायदेशीर म्हणून विकलं जाणारं सीबीडीचं तेल हे विजयापत्राच्या अर्काचं आयुर्वेदिक औषध असतं, ते याच कारणानं.

परदेशातली तेलं बहुधा फुलोऱ्यातून काढलेली असतात. अमेरिकेत दुकानाच्या फळीवर मिळतं म्हणून तिकडच्या साइटवरून मागवलं, किंवा येताना पाहुण्यानं बॅगेत घालून आणलं, तर इथं ते थेट त्या बंदीच्या बाजूला जाऊन पडतं. 'थोडंसंच आहे' हा बचाव नाही. एक किलोपर्यंतचा गांजा आणि शंभर ग्रॅमपर्यंतचा चरस कायद्याच्या भाषेत अल्प प्रमाण, पण त्यालाही एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेच.

महाराष्ट्रात आणखी एक कुंपण आहे. काशीत किंवा जैसलमेरमध्ये सरकारमान्य भांगेची दुकानं दिसतात, तशी आपल्याकडं नाहीत. 1949 च्या दारूबंदी कायद्यात दारूबरोबर हे झाडही आहे. परवान्याशिवाय बाळगणं, वापरणं गुन्हा. त्यामुळं नुसतं 'पानच आहे की' म्हणून भागत नाही. पान औषधाच्या रूपात, औषधाच्या परवान्यासह आणि वैद्याच्या चिठ्ठीसह असावं लागतं. बाटली घेऊन एसटीत बसायचं असलं तरी बिल आणि चिठ्ठी सोबत ठेवावी.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि शेतकऱ्याचा प्रश्न विचारला. "मंग उत्तराखंडात लावू देतात म्हणं. आपुन कामून लावू नाही?"

ऐकीव गोष्ट खरी होती. उत्तराखंडानं 2018 मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीचा परवाना दिला. नशा आणणारं टीएचसी 0.3 टक्क्याच्या आत असलेल्या वाणापुरता. पण परवानगी देण्याचा अधिकार राज्याचा, आणि आपल्याकडं विनापरवाना एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "ऱ्हाऊ द्या मंग. हळदच बरी," मामा म्हणाले.

मग मामांना घेऊन अर्धापूरमार्गे नांदेडला एका वैद्यांकडं गेलो. बीएएमएस, नोंदणीकृत, बरीच वर्षं दवाखाना चालवणारे. त्यांच्या खणात विजयातेलाची एक बाटली होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि लेबल मोठ्यानं वाचायला मलाच सांगितलं. तीस मिली. ड्रॉपरचं झाकण. आधार तिळतेलाचा. विजयापत्र अर्क, मिलिग्रॅममध्ये. निर्मिती परवाना, बॅच, तयार केल्याची तारीख, मुदत. आणि खाली इंग्रजी-हिंदीत बारीक अक्षरात सावधानीची ओळ: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे.

"ही ओळ शोभेची नाही," वैद्य म्हणाले. औषध कायद्याच्या ई-1 अनुसूचीत विषारी द्रव्यांची यादी आहे. बचनाग, कुचला, धोतरा त्यात आहेत, आणि भांगही आहे. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असलं की ही सूचना छापावीच लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांनाही बजावलं की अशी औषधं नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी अपलोड झाल्यावरच विकायची. गंमत अशी की आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला वेगळा लागत नाही. म्हणजे बाटली कुठल्याही काउंटरवर पोचू शकते, आणि चाळणी लावायचं काम गिऱ्हाइकाच्याच गळ्यात पडतं.

ऑनलाइनची ही चाळणी मी मामांच्या ओट्यावर बसून तपासून पाहिली. एका साइटवर फॉर्म भरल्यावर त्यांच्या वैद्यांचा फोन आला. त्यांनी वय, त्रास, चालू गोळ्या विचारल्या आणि त्यानंतरच पुढचं पान उघडलं. दुसऱ्या एकीवर पैसे भरण्याच्या पानापर्यंत मला कुणी काहीच विचारलं नाही. तिथंच थांबलो. चिठ्ठी न मागणारा विक्रेता सोयीचा वाटतो, पण जो ही अट गाळतो त्यानं बाकीच्या पाळल्या असतील, यावर भरवसा कशाचा?

तिसरी पायरी अहवालाची. नांदेडच्या दवाखान्यात वैद्यांनी बाटलीवरचा चौकोनी कोड फोननं उघडला. प्रयोगशाळेचा अहवाल आला. त्यांनी आकडे नंतर बघितले. आधी बॅच नंबर बाटलीशी जुळवला, मग तारीख, मग प्रयोगशाळेचं एनएबीएल मानांकन. अहवाल दुसऱ्याच बॅचचा असेल तर तो या बाटलीबद्दल काहीच सांगत नाही. मामांना हे लगेच उमगलं. हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या मोंढ्यात हळदीचा सौदा होताना व्यापारी शेजारच्या ढिगातलं हळकुंड मोडून या ढिगाचा भाव करत नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ओलावा आणि आतला रंग ज्याच्या त्याच्या मालाचाच बघतात. "नाव गावाचं, भाव मालाचा," मामा म्हणाले.

अहवालात बघायच्या गोष्टी मोजक्या. सीबीडी किती, टीएचसी किती. शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम मर्यादेत आहेत का, कारण हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. कीटकनाशकं, बुरशीचं विष, आणि अर्क काढताना वापरलेल्या द्रावणाचा अंश. ही तपासणी उगीच नाही. 2017 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या 'जामा' या नियतकालिकात एक पाहणी आली होती. ऑनलाइन विकत घेतलेल्या 84 सीबीडी उत्पादनांपैकी फक्त 26 मध्ये लेबलवर लिहिल्याएवढा ऐवज निघाला, आणि 18 मध्ये टीएचसी सापडलं. ज्याच्या नोकरीत लघवीची तपासणी होते, किंवा जो ट्रक चालवतो, त्याला या 18 चा अर्थ वेगळा सांगायला नको.

लेबलवरच्या मिलिग्रॅमचाही एक डाव आहे. 'अर्क 1000 मि.ग्रॅ.' म्हणजे सीबीडी 1000 मिलिग्रॅम नव्हे. अर्कात बाकीचंही बरंच असतं. त्यात सीबीडी किती, ते अहवालातच कळतं. समजा खरोखर हजार मिलिग्रॅम सीबीडी तीस मिलीत आहे, तर एका मिलीत तेहतीसच्या आसपास आणि एका थेंबात दीड-दोन मिलिग्रॅम.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. सीबीडीवरचा सगळ्यात भक्कम पुरावा अपस्मारावरचा आहे. लेनॉक्स-गॅस्टो आणि ड्राव्हे या लहानपणी सुरू होणाऱ्या दुर्धर झटक्यांवर 'एपिडायोलेक्स' हे शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेनं जून 2018 मध्ये मंजूर केलं. त्याची सुरुवातीची मात्राच दिवसाला किलोमागं 5 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे तीनशे होतात. म्हणजे आपली हजाराची बाटली साडेतीन दिवसांतच संपेल. जाहिरातदार मोठ्या मात्रेच्या संशोधनाचं नाव घेतात आणि चार थेंब विकतात. गुडघेदुखी आणि झोपेबद्दलचा पुरावा तर अपस्माराएवढा पक्का नाहीच. 'कर्करोग बरा होतो', 'मधुमेह जातो' असं जिथं लिहिलेलं दिसेल, तिथून उठावं. या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला 1954 च्या जादूटोणा-औषध जाहिरात कायद्यानं मनाई आहे.

"गोळ्यांची पिशवी आणली का?" वैद्यांनी विचारलं. मामांनी कापडी पिशवी टेबलावर पालथी केली. रक्तदाबाची, ॲसिडिटीची, आणि एक लहानशी गोळी, जिच्या पाकिटावर वैद्यांचं बोट थांबलं. वॉरफरिन. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ ठेवायला दिलेली.

"ही असताना मी तेल लिहून देणार नाही."

कारण त्यांनी सोपं करून सांगितलं. यकृतात जी विकरं या गोळीचा निचरा करतात, त्यांनाच सीबीडी अडवतं. गोळी अंगात साचते, रक्त गरजेपेक्षा पातळ होतं, आणि साधं खरचटलं तरी थांबत नाही. झटक्यांवरच्या क्लोबाझाम आणि व्हॅल्प्रोएट या गोळ्यांबरोबरही असाच सांभाळ लागतो. व्हॅल्प्रोएटच्या जोडीला तर यकृतावर ताण येतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊच नये. "हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. रक्त किती पातळ आहे ते बघायची आयएनआर तपासणी करून आणा. ते हो म्हणाले तर पुन्हा या." तपासणीचे पैसे त्यांनी घेतले. बाटली परत खणात गेली.

मला वाटतं, या सगळ्या खटाटोपात कायद्याचं आणि जिवाचं हित एकाच ठिकाणी येऊन मिळतं, ते या टेबलावर. परवाना, झाडाचा भाग, बॅचचा अहवाल या तीन गोष्टी घरी बसून, चष्मा लावून वाचता येतात. बाटलीत काय आहे ते त्यातून कळतं. ज्याच्या पोटात ते जाणार त्याच्या रक्तात आधीच काय आहे, हे बाटलीवर कुणीच छापू शकत नाही. चिठ्ठीची अट आहे ती त्यासाठी. तिला नुसता सरकारी अडथळा समजून वळसा घातला, तर खऱ्या मालाची, खऱ्या परवान्याची बाटलीसुद्धा मामांसारख्या माणसाला दवाखान्यात नेऊ शकली असती.

संध्याकाळी मुलाचा पुण्याहून फोन आला. चांगल्या कंपनीचं शोधून आजच ऑर्डर टाकतो म्हणाला. मामांनी फोन कानाला घट्ट धरला. "थांब जरा. आधी माझ्या रक्ताचा रिपोर्ट येऊ दे, मंग तेलाचा बघू. एकाला दुसरा चालत असल तरच पैसे भर."