अर्ध्या टनाची मोटार

१९५७ साली लंडनमधल्या लोटस या लहानशा कंपनीने एक मोटारगाडी विकायला काढली. तिला दारे नव्हती आणि पक्का टपही नव्हता. पुढची चाके अंगाबाहेर उघडी होती, त्यांच्यावर सायकलला असतात तसे मडगार्ड. बसायच्या जागा दोनच, आणि त्याही इतक्या खाली की बसल्या जागेवरून हात सोडला तर बोटे रस्त्याला टेकावीत. इंजिन फोर्ड कंपनीच्या साध्या घरगुती गाडीतले, ११७२ घन सेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. गाडीचे नाव लोटस सेव्हन. लोटसने अशा अडीच हजारांच्या आसपास गाड्या बनवल्या आणि १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम या विक्रेत्या कंपनीला देऊन टाकले. केटरहॅमची मालकी २०२१ मध्ये एका जपानी उद्योगसमूहाकडे गेली, पण गाडी अजून बनते आहे. जुनी आणि नवी शेजारी उभी केली तर अनोळखी माणसालाही त्या बहिणी वाटतील.

पावसात भिजवणारी, सामान न मावणारी, कानाशी वारा घोंघावणारी ही गाडी जवळजवळ सात दशके लोक हौसेने का विकत घेत असतील? 'शौकिनांचा छंद' एवढ्या उत्तरावर हा प्रश्न सोडून देता येतो. परंतु त्याचे बरेचसे उत्तर शाळेतल्या यामिकीत आहे. शिवाय शाळेतली यामिकी जिथे आपल्याला चकवते अशी एक जागाही त्यात आहे, आणि ती शिक्षकांना विशेष उपयोगाची वाटेल.

सेव्हनचा जनक कॉलिन चॅपमन (१९२८–१९८२) हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संरचना अभियांत्रिकी शिकलेला, म्हणजे मूळचा पूल आणि इमारतींच्या हिशोबातला माणूस. विमान चालवायला तो विद्यार्थी असतानाच शिकला होता, आणि काही काळ त्याने अॅल्युमिनियमच्या कंपनीत नोकरीही केली. पूल बांधणारा अभियंता कोणत्या दांडीवर किती ताण येतो हे पाहून तेवढ्याच जाडीची दांडी वापरतो; विमान बांधणारा तर ग्रॅमग्रॅमचा हिशेब ठेवतो. ही नजर चॅपमनने मोटारीला लावली.

त्या काळच्या बहुतेक स्पोर्ट्‌स गाड्यांची चासी म्हणजे शिडीसारखी जोडलेली दोन जाड लोखंडी तुळयांची चौकट असे. चॅपमनने तिच्याऐवजी पातळ पोलादी नळ्यांचा पिंजरा केला आणि त्यावर अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी ठोकले. असा पिंजरा मजबूत कशामुळे होतो हे वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि एक कोपरा दाबा. चौकोन तिरका होऊन लोळतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही, कारण पट्टीची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा कोन बदलू शकत नाही. चौकोनात एक कर्ण घाला, तोही ताठ होतो. नळ्या त्रिकोणांत बांधल्या की प्रत्येक नळीवर मुख्यतः ताण किंवा दाब येतो, वाकवणारे बल फारसे येत नाही. आणि ताण-दाब सोसायला बारीक नळीही पुरते. रिव्हेटांनी घट्ट बसवलेला पत्रा तर कर्णाचेच काम करतो. म्हणूनच १९६० च्या सुधारित आवृत्तीत काही नळ्या गाळता आल्या. टप नसलेल्या गाडीला पीळ चटकन पडतो (झाकण काढलेला बुटांचा खोका पिळून पाहावा), त्यामुळे ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

या साऱ्याचा परिणाम म्हणून गाडीचे वजन अर्ध्या टनाच्या घरात राहिले. आजही ते तसेच आहे. २०२१ मध्ये आलेल्या 'सेव्हन १७०' या नमुन्याचे वजन ४४० किलो आहे. आपल्याकडे १९८३ पासून धावलेली मारुती ८०० हलकी गाडी म्हणून ओळखली जाई, तिचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होते. सेव्हन १७० मध्ये सुझुकीचेच ६६० घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे, ८४ अश्वशक्तीचे.

बल = वस्तुमान × त्वरण. चालकाचे ७५ किलो धरून एकूण वस्तुमान ५१५ किलो होते. आजच्या एखाद्या ऐसपैस गाडीचे वजन १५०० किलो धरा, चालकासह १५७५. वस्तुमान तिप्पट, म्हणून तेवढीच चपळाई हवी तर त्या गाडीला अडीचशेहून जास्त अश्वशक्तीचे इंजिन लागेल. मोठे इंजिन स्वतःच जड. त्याला पेलणारी चासी जड, थांबवणारे ब्रेक मोठे, टायर रुंद, टाकी मोठी. मग या वाढलेल्या वजनासाठी इंजिन आणखी मोठे! हे चक्र उलटही फिरते, आणि चॅपमनने ते उलट फिरवले. ब्रेकचेच पाहा. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर वेगाने जाणाऱ्या ५१५ किलोंच्या गाडीची गतिज ऊर्जा सुमारे १६१ किलोज्यूल असते, १५७५ किलोंच्या गाडीची ४९२. थांबताना ही सगळी उष्णता ब्रेकमध्ये उतरते. (जाता जाता: हलक्या गाडीत शेजारी कोणी बसले की वजन एकदम सातव्या हिश्शाने वाढते. या गाडीला पाहुणाही जाणवतो.)

वस्तुमान कटते, तरी फरक पडतो

आता चकव्याची जागा. सेव्हनचे चाहते तिच्या वळणावरच्या पकडीचे कौतुक करतात आणि ते हलकेपणामुळे होते असे सांगतात. पण वळण घेताना लागणारे अभिकेंद्री बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. घर्षण वजनाच्या प्रमाणात असते, आणि लागणारे बलही वस्तुमानाच्या प्रमाणात. दोन्ही बाजूंचे वस्तुमान कटते आणि एवढेच उरते: वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्व त्वरण × वळणाची त्रिज्या. घर्षणांक ०.९ आणि त्रिज्या ४० मीटर असेल तर कमाल वेग ताशी सुमारे ६८ किलोमीटर येतो, मग गाडी सेव्हन असो की भरलेला ट्रक. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हे गणित मांडून 'मग हलकेपणाचा उपयोग काय?' असे विचारले, तर त्याला गप्प करू नये. त्याचे गणित बरोबर आहे, गृहीतक तेवढे बरोबर नाही.

घर्षणांक दाबावर अवलंबून नसतो हा नियम लाकडाच्या ठोकळ्याला बऱ्यापैकी लागू पडतो, रबराला नाही. रबर मऊ असते. रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात ते शिरते आणि रेणूंच्या पातळीवरही चिकटते. भार दुप्पट केला म्हणून प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र दुप्पट होत नाही. परिणामी टायरवरचा भार वाढला की पकड वाढते खरी, पण त्या प्रमाणात नाही. म्हणजेच घर्षणांक घसरतो. त्यामुळे त्याच टायरांवर हलकी गाडी वळणाला फायद्यात राहते. जड गाडीला रुंद टायर देऊन हे नुकसान बरेचसे भरून काढता येते, आणि तसे करतातही. दुसरी गोष्ट अशी की वळणावर आतल्या चाकांवरचा भार कमी होऊन बाहेरच्या चाकांवर जातो. आतले टायर जेवढी पकड गमावतात तेवढी बाहेरचे कमावत नाहीत, म्हणून या अदलाबदलीत एकूण तोटाच होतो. गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ही अदलाबदल कमी. रस्त्याला जवळजवळ टेकून बसण्यामागचे हे एक कारण.

आणखी एक बाब वळणात शिरतानाची आहे. गाडीला स्वतःभोवती थोडे फिरावे लागते आणि त्या फिरण्याला होणारा विरोध, म्हणजे निरूढी परिबल, वस्तुमानाच्या अंतराच्या वर्गाने वाढतो. सेव्हनचे इंजिन पुढच्या आसाच्या मागे, माणसे मागच्या आसाच्या अगदी पुढे. जड ते सारे मध्याजवळ. हात पसरून गिरकी घेणारी मुलगी हात जवळ घेताच कशी भरकन फिरते ते आठवावे.

मला स्वतःला या गाडीच्या आकर्षणाचे सर्वांत पटणारे कारण मात्र वेगळेच वाटते. ते स्टिअरिंगमध्ये आहे. गाडी हलकी असल्यामुळे तिला पॉवर स्टिअरिंग लागत नाही; चालकाचे हात आणि पुढची चाके यांच्यात फक्त दांड्या आणि दाते. वळताना टायरवरचे बाजूचे बल त्याच्या स्पर्शक्षेत्राच्या मध्यावर न येता थोडे मागे येते, आणि म्हणून चाक स्वतःहून सरळ होऊ पाहते. ही ओढ हाताला जाणवते. पकडीची मर्यादा जवळ आली की ते बल हळूहळू मध्याकडे सरकते आणि ओढ कमी होते, तीही पकड प्रत्यक्ष सुटण्याच्या थोडी आधी. म्हणजे 'आता घसरणार' हे हाताला अगोदर कळते. जड गाडीत मदतनीस मोटर ही कुजबुज बरीचशी गिळून टाकते.

डोळ्यांचेही असेच. आपल्याला वेग जाणवतो तो जमीन डोळ्यांसमोरून किती झपाट्याने मागे पळते त्यावरून, आणि तो कोनीय वेग म्हणजे गाडीचा वेग भागिले डोळ्यांची उंची. बसच्या खिडकीत डोळे रस्त्यापासून सव्वादोन मीटरवर असतात, सेव्हनमध्ये मीटरभरही नाही. तेव्हा ताशी ६० किलोमीटरला सेव्हनच्या चालकाची जमीन बसच्या प्रवाशाच्या दुपटीहून अधिक झपाट्याने पळते. वेगाची मौज घ्यायला कायदा मोडावा लागत नाही, हे या गाडीच्या दीर्घायुष्याचे एक गुपित असावे.

खूप वेगाला मात्र ही गाडी कच्चीच. हवेच्या विरोधाला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि तिथे वस्तुमानाचा संबंध येत नाही. उघडी चाके, उभी काच, वरून रिकामी बैठक यांमुळे सेव्हनचा आकार हवेच्या दृष्टीने विटेसारखा आहे. सेव्हन १७० ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ सुमारे सात सेकंदांत पोचते, पण १७० च्या आसपास तिची धाव संपते.

गाडी सुट्या भागांच्या पेट्यांतून विकली जाई, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण होते. इंग्लंडात तेव्हा तयार मोटारीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. सोबत जोडणीच्या सूचना मात्र देता येत नसत. तेव्हा लोटसने 'गाडी कशी सोडवावी' याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून पहिल्याकडे वाचल्या, अशी गोष्ट सांगतात. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत गेली, तरी स्वतः पाने घेऊन गाडी जोडणारे लोक उरलेच.

किती हलके म्हणजे फार हलके?

हलकेपणाचे हे कौतुक अर्धवट सोडले तर ते खोटे ठरेल. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्या जिंकत, तशा मोडतही. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटसच्या दोन गाड्यांचे, उंच बारीक खांबांवर उभारलेले मागचे पंख मोडले आणि ग्रॅहॅम हिल व योखेन रिंट हे दोघेही चालक आदळले. रिंट जखमी झाला. त्यानंतर त्याने चॅपमनला पत्र लिहिले. गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमकुवत भाग बळकट करण्यात थोडे वजन वाढले तरी आपण मागे पडणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्या वर्षी तो लोटस ७२ चालवत होता. स्प्रिंगांच्या खालचे वजन जितके कमी तितके चाक रस्त्याला चिकटून राहते, म्हणून या गाडीत पुढचे ब्रेक चाकांवरून काढून आत घेतले होते आणि चाकाशी ते एका फिरत्या दांडीने जोडले होते. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे सरावात ब्रेक लावताना गाडी भरकटून कठड्यावर आदळली आणि रिंट मरण पावला. उजवीकडची दांडी तुटलेली आढळली. कठड्याची बसवणीही सदोष असल्याचे चौकशीत निघाले. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले.

रिंटच्या पत्रातला मुद्दा अभियांत्रिकीचा आहे. वजन सरसकट कमी करता येत नाही. कोणता भाग तुटला तर गाडी फक्त बंद पडेल आणि कोणता तुटला तर माणूस जाईल, हे आधी ठरवावे लागते. सेव्हनच्या बाबतीतही संवेग-अक्षय्यतेचा नियम निष्ठुर आहे. ५१५ आणि १५७५ किलोंच्या गाड्या समोरासमोर धडकल्या तर हलकीच्या वेगात होणारा बदल जडच्या तिप्पट असतो. सेव्हनमध्ये ना एअरबॅग, ना भोवती चुरगळायला फारशी जागा. रस्त्यावरच्या इतर गाड्या जसजशा जड होत गेल्या, तसतशी ती आपल्या जागी राहूनही अधिक असुरक्षित झाली.

हलकेपणाची पुढची परीक्षा बॅटरीशी आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ ते १३ किलोवॉट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातली पावभर जरी चाकांपर्यंत पोचवीत असले, तरी तीन किलोवॉट-तास हाती येतात. कवचासह धरलेल्या एक किलो लिथियम बॅटरीतून ०.१५ च्या आसपास मिळतात. म्हणजे वीसपट फरक. पंधरा किलो पेट्रोलचे काम करायला तीनशे किलोंची बॅटरी लागेल, आणि सेव्हन १७० चे एकूण वजनच ४४० किलो! केटरहॅमने २०२३ मध्ये विजेवर चालणारी एक प्रायोगिक सेव्हन दाखवली. तिच्यात ५१ किलोवॉट-तासांची बॅटरी होती आणि वजन ७०० किलोंच्या आत ठेवायचे ठरवले होते. लांब पल्ल्याचा आग्रह त्यांनी धरलाच नाही. शर्यतीच्या मार्गावर वीस मिनिटे पळवायची, पंधरा मिनिटे चार्ज करायची आणि पुन्हा वीस मिनिटे पळवायची, एवढेच उद्दिष्ट त्यांनी समोर ठेवले होते.