कारणाच्या रकान्यात गांजा

एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी इफेड्रिनच्या तस्करीचा माग काढत सोलापूरची एक औषध कंपनी गाठली आणि तिथून टनावारी साठा जप्त केला. त्याची किंमत दोन हजार कोटी रुपये सांगितली गेली. पुढे कितीतरी दिवस तो आकडा आणि अभिनेत्री ममता कुलकर्णी यांचे नाव बातम्यांतून हलले नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुलकर्णी यांच्यापुरता तो गुन्हा रद्द केला. जमवलेल्या पुराव्यावरून त्यांच्याविरुद्ध प्रथमदर्शनीही गुन्हा उभा राहत नाही, असे खंडपीठाने म्हटले. साठा खरा होता, तपास आवश्यकच होता. पण आरोप वर्तकनगरपासून डोंबिवलीपर्यंत ज्या जोराने घरोघरी पोहोचला, त्या जोराने आठ वर्षांनंतरचा निकाल पोहोचला नाही. अमली पदार्थांविषयी आपली बहुतेक समजूत अटकेच्या पहिल्या दिवशीच्या बातमीवर बेतलेली असते, आणि त्याच समजुतीच्या आधारावर कायदाही तसाच टिकून राहतो. गांजाच्या बाबतीत हे दुखणे सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

२०२० चा उन्हाळा सरताना अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला आणि वाहिन्यांनी तपास यंत्रणांच्या आधीच आरोपी ठरवून टाकला. खुनाचा संशय सिद्ध होईना, तेव्हा मोबाइलमधल्या संदेशांवरून विषय गांजाकडे वळला. ८ सप्टेंबरला त्यांची मैत्रीण, अभिनेत्री रिया चक्रवर्ती यांना अटक झाली. त्यांच्यावर लावलेले अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम २७अ हे तस्करीला पैसा पुरवणाऱ्यांसाठीचे, दहा ते वीस वर्षांच्या शिक्षेचे कलम. ७ ऑक्टोबरला जामीन देताना न्यायमूर्ती सारंग कोतवाल यांनी स्पष्ट केले की, दुसऱ्याच्या सेवनासाठी पैसे खर्च करणे म्हणजे अवैध व्यापाराला अर्थपुरवठा करणे नव्हे. तेव्हा बिहारमध्ये निवडणूक तोंडावर होती आणि महाराष्ट्रात महाविकास आघाडीचे सरकार होते, त्यामुळे एका तरुणीच्या अटकेला दोन राज्यांच्या राजकारणाचा रंग चढला. जानेवारी २०२१ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने या वार्तांकनावर निकाल दिला. अशा माध्यम-खटल्यांमुळे न्यायदानात अडथळा येतो, असे सांगून त्यांनी वृत्तपत्रांसाठीची प्रेस कौन्सिलची मार्गदर्शक तत्त्वे वाहिन्यांनाही लागू केली. हा निकाल मागणाऱ्यांत राज्याचे निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी होते. ज्या पोलीस दलाच्या नावाने ओरड चालली होती, त्याच दलातल्या माणसांना न्यायालयात जावे लागले, हे विसरण्याजोगे नाही.

तरीही पुढच्याच ऑक्टोबरमध्ये क्रूझवरच्या कारवाईत तेच घडले. प्रसिद्ध अभिनेत्याचा मुलगा आर्यन खान याच्याकडे काही सापडले नव्हते. तो जवळपास चार आठवडे कोठडीत राहिला आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी आरोपपत्रातून त्याचे नाव वगळले गेले. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये राज्याचे तत्कालीन मंत्री नवाब मलिक यांचे जावई समीर खान यांना अटक झाली होती. सप्टेंबरमध्ये जामीन मिळाला, तेव्हा प्रयोगशाळेच्या अहवालानुसार जप्त मालाचे बहुतेक नमुने गांजाचे नव्हतेच. इथे दोष एकाच बाजूला देणे मला अन्यायाचे वाटते. एका बाजूने अटकेचे राजकारण केले, दुसऱ्या बाजूने अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या धर्माचे आणि कागदपत्रांचे. या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणत्याच पक्षाने विचारला नाही: सेवनासाठी माणसाला तुरुंगात टाकणे मुळात योग्य आहे का? क्रूझवरच्या कारवाईच्याच महिन्यात केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने अल्प प्रमाणातल्या सेवनाला गुन्ह्यातून वगळावे अशी शिफारस केल्याचे वृत्त होते. आणि २ डिसेंबर २०२० रोजी, चक्रवर्ती प्रकरण ताजे असताना, व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे गांजाला सर्वाधिक घातक पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताचे मत ठरावाच्या बाजूने पडले होते. आपल्या वाहिन्यांवर त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

अटकेचा तमाशा करण्याची ही वाट कुठे जाते हे दक्षिण कोरियाने दाखवून दिले. त्या देशाच्या संसदेने नोव्हेंबर २०१८ मध्ये गांजापासून बनवलेल्या काही औषधांना परवानगी दिली, पण नागरिकाने परदेशात गांजा ओढला तरी मायदेशी खटला होऊ शकतो ही तरतूद कायम ठेवली. पुढे अध्यक्ष यून सुक-योल यांनी अमली पदार्थांविरुद्ध युद्ध पुकारले, आणि युद्ध म्हटले की विजय दाखवावा लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘पॅरासाइट’मुळे आपल्याकडेही ओळखीचे झालेले अभिनेते ली सन-ग्युन यांचे नाव अशाच एका तपासात बाहेर आले. त्यांच्या चाचण्यांत काही आढळले नाही. तरी पोलिसांनी त्यांना तीन वेळा, कॅमेऱ्यांच्या गर्दीतून, चौकशीला बोलावले. शेवटची चौकशी १९ तास चालली. सार्वजनिक वाहिनीने त्यांचे खासगी फोन-संभाषणही प्रसारित केले. २७ डिसेंबरला ते मृतावस्थेत सापडले. जानेवारीत दिग्दर्शक बोंग जून-हो आणि इतर कलावंतांनी पोलिसांच्या वर्तनाची चौकशी आणि माध्यमांकडून आत्मपरीक्षण मागितले. आपल्याकडची प्रकरणे जामिनावर थांबली म्हणून आपण शहाणे ठरत नाही.

या सगळ्याचे मूळ शोधताना मला १८९३ पर्यंत मागे जावे लागते. ब्रिटिश संसदेत मद्यनिषेधवाद्यांनी ओरड केली की, गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरून वाहत आहेत. सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याने देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक मुख्यतः अहमदनगरकडे होत असे, तोही भाग त्याच्या कक्षेत होता. आयोगाने केलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इस्पितळांच्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासणे. १८९२ मध्ये दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांपुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिले होते. तपासल्यावर जेमतेम ९८ नोंदी टिकल्या, आणि त्यांतल्याही कित्येकांत दुसरी कारणे मिसळलेली होती. बाकीच्यांचे काय? रुग्णाला घेऊन येणाऱ्या पोलिसाने कागदावरचा कारणाचा रकाना कसातरी भरायचा असे. खरे कारण ठाऊक नसले की गांजा लिहिला जाई, आणि इस्पितळ तीच नोंद पुढे उतरवून घेई. अशा नोंदींची बेरीज होऊन ती लंडनमध्ये पुरावा म्हणून मांडली गेली. आयोगाने निष्कर्ष काढला की, माफक सेवनाने उल्लेखनीय अपाय होत नाही, अति सेवनाने होतो. त्याने बंदीऐवजी कर आणि परवान्यांची शिफारस केली. 

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यावेळी मात्र असा कोणताही शोध झाला नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराची मुदत डोक्यावर होती. ऑगस्टच्या अखेरीस विधेयक आले, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरपासून अंमल सुरू. पाने आणि बिया व्याख्येतून वगळल्याने भांग सुटली. त्याच झाडाचा फुलोरा मात्र गुन्हा ठरला. याच सुमारास महाराष्ट्रातली शहरे गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडली होती. त्या काळात अनिल अवचटांनी केलेले लेखन आजच्या वार्ताहरांनी काढून वाचावे असे मी आवर्जून सांगेन. ते व्यसनी मुलांपर्यंत, त्यांच्या घरच्यांपर्यंत गेले. त्यातून आणि डॉ. सुनंदा अवचटांच्या अनुभवातून, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. बातमीदारी व्यसनमुक्ती केंद्रही घडवू शकते, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालेले आहे.

कायद्याच्या जाळ्यात प्रत्यक्षात कोण सापडते? ‘विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी’ने मुंबईतले २०१७ आणि २०१८ चे दहा हजारांहून अधिक खटले तपासले. जवळपास सगळे वैयक्तिक सेवनाचे होते, सुमारे ८७ टक्के गांजा-चरसचे, आणि आरोपींत मोठा भरणा फुटपाथवर, झोपडपट्टीत राहणाऱ्या आणि रोजंदारीवर जगणाऱ्यांचा होता. बहुतेकांनी गुन्हा कबूल करून दंड भरला. यांच्यासाठी ना वाहिनी आली, ना वकिलांची फौज. तारांकित अटकांच्या झगमगाटात हा रोजचा कायदा झाकला जातो, आणि पक्षपाताचा हा प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो.

यावर पहिला आक्षेप येतो की गांजा निरुपद्रवी नाही. मान्य आहे. कोवळ्या वयात आणि भरपूर सेवन करणाऱ्यांत गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, आणि आजचा माल १८९३ च्या मालापेक्षा तीव्र असू शकतो. पण धोका आहे म्हणून तुरुंग, हे तर्कशास्त्र आपण दारूला लावत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात १६ कोटी लोक दारू पितात, तर वर्षभरात गांजा, चरस किंवा भांग घेतलेले ३.१ कोटी होते. त्यातही निम्म्याहून अधिक भांगवाले. उपचारांची गरज असलेल्याला डॉक्टरपर्यंत नेणे हा धोक्यावरचा उपाय आहे, आणि गुन्ह्याची भीती त्याच्याच आड येते. दुसरा आक्षेप असा की, ओढणाऱ्याला धरल्याशिवाय विकणारा सापडत नाही. मुंबईच्या खटल्यांचा अनुभव उलट सांगतो: शिडीची खालची पायरीच पुन्हा पुन्हा मोजली गेली. तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो. थायलंडने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, दुकाने बेसुमार उघडली आणि २०२५ मध्ये सरकारला पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. म्हणूनच मी बाजार उघडा असे म्हणत नाही. विक्री आणि तस्करी गुन्हाच राहावी, सेवन आणि त्यापुरते जवळ बाळगणे राहू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. मेफेड्रोनचे कारखाने शोधायला पोलिसांना मनुष्यबळ हवे आहे, ते कोपऱ्यावरच्या चिलमीवर खर्च होऊ नये.

माध्यमांच्या स्वातंत्र्यावर गदा आणण्याचाही माझा हेतू नाही. आरोपीचे नाव ज्या पानावर छापले, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत सुटकेची बातमी छापण्याचा नियम संपादकांनी आपणहून स्वीकारावा. आणि कायद्याचा फेरविचार संसदेत येईल तेव्हा कलम २७ मधली गांजाच्या सेवनासाठीची सहा महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद काढून टाकण्याच्या बाजूने ठाणे आणि कल्याणच्या खासदारांनी मत द्यावे. मतदार म्हणून आपण त्यांना तसे लेखी कळवावे.