डिस्क ब्रेक, मागील चाकांचे

मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती दोन्ही बाजूंनी दाबून चाकाची गती कमी करणाऱ्या साधनास डिस्क ब्रेक म्हणतात. चकतीला चिमट्याप्रमाणे पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्यातील दट्ट्या तेलाच्या दाबाने पुढे सरकतो आणि पोलादी पट्टीवर घर्षणद्रव्य बसविलेले दोन पॅड चकतीवर दाबले जातात. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये इंग्लंडमध्ये अशा ब्रेकचे एकस्व घेतले. १९५३ मध्ये ल मां येथील शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीने जिंकल्यानंतर त्यांचा प्रसार वाढला. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जवळील शेंद्रा येथे स्कोडा कंपनीचा कारखाना २००१ मध्ये सुरू झाला. तेथे जुळणी झालेल्या सुपर्ब गाडीस चारही चाकांना डिस्क ब्रेक होते.

झीज व गंज : ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे रोधनाचे बहुतेक काम पुढील चाके करतात. मागील पॅड सावकाश झिजतात. परंतु मागील चकती पुरेशी घासली न गेल्याने तिच्यावरील गंज टिकून राहतो. संभाजीनगरचे हवामान एरवी कोरडे असले, तरी वर्षाचा सु. ७०० मिमी. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. ओल्या चकतीवर एका रात्रीत येणारा तांबूस थर दोनचार वेळा ब्रेक लावल्यावर निघून जातो. गाडी पावसाळ्यात कित्येक आठवडे उभी राहिल्यास मात्र पॅडखाली ओल साचून चकतीला खड्डे पडतात. कॅलिपरच्या सरकत्या खिळ्या गंजून अडकल्यास दट्ट्याकडील आतला पॅड पूर्ण झिजतो व बाहेरचा जाड राहतो. चाकातून बहुधा बाहेरचाच पॅड दिसत असल्याने केवळ त्यावरून ब्रेक सुस्थितीत असल्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

पॅड बदलणे : घर्षणद्रव्याची जाडी सु. ३ मिमी. उरली की पॅड बदलावेत आणि ते दोन्ही मागील चाकांचे एकाच वेळी बदलावेत. गाडी सपाट जागी उभी करून पुढील चाकांना ठोकळे लावतात. केवळ जॅकवर विसंबून काम करू नये. अनेक गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा मागील कॅलिपरमध्येच असते. अशा वेळी दट्ट्या नुसता दाबून आत जात नाही, तो विशिष्ट हत्याराने फिरवीत आत घ्यावा लागतो. हँडब्रेक विजेवर चालणारा असल्यास प्रथम तो दुरुस्तीच्या स्थितीत आणावा लागतो. अन्यथा त्यातील मोटर बिघडते. दट्ट्या मागे जाताना टाकीतील ब्रेक तेल वर चढते, त्याकडे लक्ष ठेवावे. पॅड टेकण्याच्या जागा तारेच्या ब्रशने साफ करून खिळ्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावतात. साध्या ग्रीसने रबर फुगते. चकतीवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ झाली असल्यास किंवा खोल खड्डे पडले असल्यास तीही बदलावी. ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. गाडी हलविण्यापूर्वी पायटा घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबणे अत्यावश्यक आहे. नवे पॅड चकतीवर नीट बसेपर्यंत पहिले काही शे किमी. शक्यतो जोराचा ब्रेक टाळतात.

प्रतिबंध : गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आणल्यावर थोडे अंतर चालवून, ब्रेक लावून चकती कोरडी करावी. दीर्घकाळ उभी ठेवावयाची गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत व हँडब्रेक सैल ठेवावा. ब्रेक तेल हवेतील ओल शोषते, म्हणून ते सामान्यतः दोन वर्षांनी बदलतात. चकतीच्या कडेला व मध्यभागी जस्तयुक्त लेप देता येतो. घासणाऱ्या पृष्ठावर मात्र तो टिकत नाही. विजेच्या गाड्यांत मोटरच गती कमी करीत असल्याने चकती आणखी कमी घासली जाते. म्हणूनच फोक्सवॅगनच्या आयडी ३ या गाडीस मागे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले आहेत. पुढील ब्रेक मुख्यतः वापराने झिजतात, तर मागील ब्रेक न वापरल्यानेही निकामी होतात. म्हणून त्यांची तपासणी केवळ किलोमीटरांवर न ठरविता प्रत्येक पावसाळ्यानंतर करणे इष्ट असते.