विश्लेषण : मेनफ्रेमचे बिल कमी करणारा 'झिप' प्रोसेसर काय आहे? जालन्याच्या वीजबिलातून समजून घ्या

जालन्याच्या एमआयडीसीतल्या स्टील कारखानदारांना वीजबिलाचे गणित तोंडपाठ असते. महिन्यात किती युनिट जळाले, एवढ्यावर ते बिल ठरत नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती भार ओढला, त्यावर 'मागणी आकार' वेगळा लागतो. मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार सांभाळणाऱ्या मेनफ्रेम संगणकांचे सॉफ्टवेअर बिलही बरेचसे असेच ठरते. ते कमी करण्याचा एक अधिकृत मार्ग म्हणजे 'झिप' प्रोसेसर.

मेनफ्रेमचे बिल कशावर ठरते?

आयबीएमच्या मेनफ्रेमवर सॉफ्टवेअरचे भाडे दरमहा भरावे लागते. कामाचे माप 'एमएसयू' म्हणजे मिलियन सर्व्हिस युनिट्समध्ये होते. प्रचलित पद्धतीत सलग चार तासांची सरासरी सतत काढली जाते आणि महिन्यातली सर्वांत मोठी सरासरी बिलाला धरली जाते. म्हणजे महिनाभर मशीन निवांत असले आणि पगाराच्या दिवशी चार तास तापले, तरी बिल त्या चार तासांचे.

मग 'झिप' म्हणजे काय?

नाव झेडआयआयपी, बोलताना 'झिप'. आयबीएमने तो २००६ मध्ये आणला. त्याआधी २००४ मध्ये जावासाठी 'झॅप' आणि त्याहीपूर्वी लिनक्ससाठी 'आयएफएल' हे खास प्रोसेसर आले होते. पुढे झॅपचे काम झिपकडेच आले आणि २०१५ च्या झेड-१३ मशीनपासून झॅप बंद झाला.

गंमत अशी, की झिपची चिप वेगळी नसते. सर्वसाधारण प्रोसेसर आणि झिप एकाच प्रकारच्या कोअरपासून बनतात. कोणत्या कोअरने कोणती भूमिका करायची, हे मशीनच्या आतल्या मायक्रोकोडमधून ठरते.

चिप तीच, तर स्वस्ताई कुठून?

स्वस्ताई बिलाच्या नियमातून येते. झिपवर झालेले काम आयबीएमच्या सॉफ्टवेअर बिलाच्या एमएसयूमध्ये मोजले जात नाही. शिवाय झिप विकत घ्यायलाही सर्वसाधारण प्रोसेसरपेक्षा स्वस्त पडतो. अनेक ग्राहक खर्च वाचवण्यासाठी सर्वसाधारण प्रोसेसर मुद्दाम कमी वेगाचे घेतात. झिप मात्र नेहमी पूर्ण वेगाने चालतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बँकेचा महिन्यातला उच्चांक १,००० एमएसयू आहे. त्या वेळी जावाचे काम ३०० एमएसयूचे आहे. त्यातले २५० झिपवर गेले, तर बिलासाठीचा आकडा ७५० वर येतो. मात्र हेच काम रात्री दोन वाजता, मशीन रिकामे असताना चालत असेल, तर उच्चांक हलत नाही आणि बिलही फारसे घटत नाही.

कोणते काम झिपवर जाते?

जावा प्रोग्रॅम, नेटवर्कवरून डीबी-टू डेटाबेसकडे येणाऱ्या विनंत्यांचा काही भाग, एक्सएमएल वाचण्याचे काम आणि झेड-ओएसवरचे लिनक्स कंटेनर ही मुख्य उदाहरणे. बँकांचा जुना कणा असलेले नेहमीचे कोबोल प्रोग्रॅम यात बसत नाहीत. पात्रता आयबीएम ठरवते, ग्राहक नाही.

नियमाला बगल देता येते का?

तसा प्रयत्न झाला होता. अमेरिकेतल्या निऑन एंटरप्राइज सॉफ्टवेअर या कंपनीने २००९ मध्ये 'झेडप्राइम' बाजारात आणले. पात्र नसलेली कामेही ते झिपवर पाठवत असे. प्रकरण कोर्टात गेले. २०११ मध्ये तडजोड झाली आणि निऑनला ते उत्पादन विकणे थांबवावे लागले.

आपल्याकडे शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवर पिठाची गिरणी चालवली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. झेडप्राइमचा वाद परवान्याच्या अटींचा होता, पण मुद्दा मिळताजुळता आहे : सवलत तारेला नसते, वापराला असते.

सावध कुठे राहायचे?

पहिली गोष्ट, झिप कमी पडले तर पात्र काम सहसा सर्वसाधारण प्रोसेसरवर सांडते. ते नेमके गर्दीच्या वेळी झाले, तर बिलाचा उच्चांक पुन्हा चढतो. म्हणून झिपवर 'किती काम गेले' याच्या जोडीला 'किती सांडले' हेही पाहावे लागते.

दुसरी, कोबोलचे काम जावात नव्याने लिहिण्याचा खर्च मोठा असतो आणि नवा प्रोग्रॅम जास्त प्रोसेसर वेळ खाऊ शकतो. फक्त झिपसाठी सगळे बदलणे परवडेलच असे नाही.

तिसरी, २०१९ पासून आयबीएमने उच्चांकाऐवजी एकूण वापरावर आधारलेला करारही देऊ केला आहे. अशा करारात रात्रीचे काम झिपवर गेले तरी फायदा होतो. म्हणून आधी करार वाचायचा, मग तंत्र निवडायचे.

जालन्याच्या विद्यार्थ्यांचा काय संबंध?

पुणे, मुंबई, हैदराबादच्या आयटी कंपन्या परदेशी बँकांची मेनफ्रेम सांभाळतात. इथून शिकून तिकडे गेलेल्या नव्या इंजिनिअरच्या वाट्याला असा प्रोजेक्ट येऊ शकतो. 'जुनी टेक्नॉलॉजी' म्हणून नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात घ्या : कोबोल वाचता येणारा, जावा लिहिता येणारा आणि चार तासांच्या सरासरीचा हिशेब समजणारा माणूस ग्राहकाचे दर महिन्याचे पैसे वाचवू शकतो. भट्टी कधी पेटवायची हे जाणणाऱ्याची किंमत जालन्याला वेगळी सांगायला नको.